थोरलीची झोप

हसले मीही. आधी हसले आणि मग ओळखलं. हा क्रम उलटा असता तर बरं झालं असतं असं मला नंतर पुष्कळदा वाटलं, पण तो तसा नव्हता. पडद्यावर तळघर होतं, तळघरात दगडी पेटी, पेटीत शेकडो वर्षं झोपलेली म्हातारी व्हॅम्पायर, जिला तिच्या खानदानातले सगळे रक्तपिपासू 'थोरली' म्हणतात. तिच्या उशाखालची किल्ली काढायला दोन वीर निघालेले, एक तलवारवाला आणि एक घाबरट. दोघं चवड्यांवर चालत होते. थोरलीचा श्वास लांब, खरखरीत, आणि मध्येच कुठेतरी बारीक शिट्टी वाजवणारा. तो थांबला की दोघं जागच्या जागी थिजायचे, एकाचा पाय तर हवेतच. एकदा श्वास थांबला तो थांबलाच. सभागृहात कुणी खोकलं नाही. आणि मग त्या पेटीतून एक 'हं' आलं. समोरच्याचं बोलणं अर्धवट पटलं की बायका म्हणतात ना, तसलं. श्वास पुन्हा सुरू झाला, घाबरटाने पाय खाली टेकवला आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. मीही हसले, चांगली मोठ्याने. शेजारी नवरा बसला होता, त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. दुसऱ्या 'हं'ला मी हसायची थांबले. तिसऱ्याला मला कळलं की ती माझी आई आहे.

आई जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. आणि दुपारचा खेळ होता, सिनेमाशी संबंधित सगळी मंडळी घरच्यांना घेऊन आली होती, पोरंबाळं, सासवा, शेजारी. माझ्या मागच्या रांगेत कुणाची तरी मावशी बसली होती, ती प्रत्येक 'हं'नंतर स्वतःही 'हं' म्हणून बघत होती आणि तिच्या बाजूच्या दोघी लोळत होत्या. मी मागे वळून 'गप्प बसा' म्हणू शकले असते. काय म्हणून सांगितलं असतं त्यांना? माझी आई झोपली आहे?

मी काय करते ते सांगायला हवं, नाही तर हे ओळखणं कुणाला पटायचं नाही. सिनेमात माणसं चालतात, जिने उतरतात, पळतात, तेव्हा जो आवाज ऐकू येतो तो बहुतेक वेळा त्यांच्या पायांचा नसतो. तो माझ्या पायांचा असतो. शूटिंगच्या वेळी सगळे माइक बोलण्याकडे लागलेले असतात. पावलं, कपड्यांची सळसळ, किल्ल्यांचा खुळखुळाट हे सगळं मागाहून, एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत वाजवायचं. माझ्या खोलीत लाकडाची फळी आहे, वाळूचा खोका आहे, फरशीचे तुकडे आहेत, आणि भिंतीला लागून जोड्या-चपलांचा असा ढीग की नव्या माणसाला वाटावं आत मोठा समारंभ चालू आहे. लोक मला पावलांची बाई म्हणतात. मी नटाचा चेहरा बघतच नाही, गुडघा बघते. गुडघ्यावरून भार कळतो, भारावरून मन. थकलेला माणूस टाच आधी टेकवतो आणि खोटं बोलून निघालेला माणूस पाऊल पुरतं टेकवतच नाही. या सिनेमाच्या पहिल्या भागात पावलांखेरीज गळेही मीच चावले होते, कोबीचा गड्डा तोंडाशी धरून. इतके चावले की पुढे कितीतरी दिवस घरी कोबी आणला नाही. पंख म्हणून माझा जुना रेनकोट फडफडवला. तो भाग खरं म्हणजे घाबरवण्यासाठी केला होता, पण लोक भलत्याच ठिकाणी हसले आणि हसत हसत दोन-दोनदा बघून आले. म्हणून दुसऱ्या भागाच्या वेळी दिग्दर्शकाने आम्हाला बोलावून सांगितलं होतं, "लोक हसणारच असतील तर आपण सांगू तिथे हसू देत. काळोख तेवढाच ठेवायचा. काळोखात गुदगुल्या करायच्या, कळलं?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नवऱ्याने तर वहीच्या मागच्या पानावर पेटी काढून तीत झोपलेली म्हातारी काढली होती, मला दाखवायला.

माझ्याकडे जी चित्रफीत येते ती मुकी असते. तळघराचा प्रसंग मी मुकाच पाहिला होता. त्या दोघांच्या चवड्यांवरच्या चाली मी एका सकाळी मोजे घालून, श्वास रोखून वाजवल्या होत्या, आणि दगड म्हणून फरशीचा तुकडा घेतला होता. पेटीतल्या बाईचा श्वास तेव्हा नव्हता. ते काम नवऱ्याचं. सगळे आवाज शेवटी त्याच्या टेबलाशी येतात आणि तो ते एकत्र बसवतो, कोण पुढे, कोण मागे, कोण भिंतीआडून. पेटीत झोपलेली नटी तरुण होती, तोंडावर रबराच्या सुरकुत्या चिकटवलेली, तिला धड घोरताही येत नव्हतं असं तो म्हणाला होता. "श्वास मी बघतो कुठून तरी," म्हणाला होता. म्हणजे मी चोरपावलांनी चालत होते ती कुणाच्या उशाशी, ते मला माहीत नव्हतं आणि त्याला होतं. पडद्यावर आता ती पावलं आणि तो श्वास एकत्र वाजत होते. आणि मला आठवत होतं की शेवटचे काही महिने मी घरातही अशीच चालत होते, मोजे घालून, हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना, आईचा श्वास थांबला की एक पाय हवेत ठेवून.

आईची फुप्फुसं गेली होती. तिला आम्ही आमच्याकडे आणलं, हॉलमधला सोफा हलवून तिथे भाड्याची खाट लावली, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र. पहिल्या आठवड्यातच मला तिच्या श्वासाचा नकाशा पाठ झाला. आत घेताना खरखर, मध्ये शिट्टी, सोडताना लांब उतार, आणि मग कधीकधी ते 'हं'. झोपेत. मला वाटायचं स्वप्नात कुणाशी तरी बोलते आहे, आणि तो जो कुणी आहे त्याचं तिला थोडंफार पटतं आहे. माझं तिला काहीच पटत नसे. मी संध्याकाळी कामावरून येऊन तिच्या पायाशी बसले की ती "आलीस?" म्हणायची, मग "दुखतंय", मग "ती खिडकी लाव". एवढंच. मी विचारायची, आज काय केलंस, काय खाल्लंस, बरं वाटलं का जरा. ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, दिवसभर श्वास ओढून ओढून दमलेली असते बिचारी, बोलायला हवा कुठून उरणार. मी पाय चेपायची, खिडकी लावायची आणि गप्प बसायची.

दिवसा तिच्याजवळ नवरा असायचा. दुसऱ्या भागाचं माझं काम सुरू झालं होतं आणि त्याचं व्हायचं होतं, त्याच्या टेबलाशी सगळं शेवटी येतं ना, म्हणून. "तू जा निवांत," तो म्हणाला, "मी बसतो आईंजवळ." मी त्याला त्या वाक्यासाठी मनातल्या मनात काय काय देऊन टाकलं होतं! आधीच्या सगळ्या भांडणांत माझी जी बाजू बरोबर होती ती सोडून दिली. त्याच्या विसरभोळेपणावर बोलणं थांबवलं. जो भेटेल त्याला सांगत सुटले, जावई असावा तर असा. आई गेल्यावर भेटायला आलेल्या बायका पदराने डोळे टिपत त्याच्याकडे बघायच्या, एक तर म्हणाली, पोटच्या मुलाने केलं नसतं एवढं, आणि मी मान हलवली. मी त्याला एकच गोष्ट विचारत राहिले. एकदा नाही, पुष्कळदा. जेवताना, अंथरुणात, गाडीत. "दुपारची काही बोलायची का रे आई? माझ्याबद्दल? काहीही?" आणि तो प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "काही नाही गं. झोपून असायच्या."

झोपून असायच्या. आणि तो उशाशी माइक धरून बसला होता. पडद्यावर थोरलीची झोप संपली होती, आता गच्चीवर मारामारी चालू होती, रक्तपिपासू पटापट राख होत होते आणि मरता मरता विनोद करत होते, लोकांच्या हसण्याचं आवर्तन संपत नव्हतं. माझ्या रेनकोटाचे पंख फडफडत होते. मला सारखं ते चित्र दिसत होतं: माझी आई श्वासासाठी झगडते आहे, आणि हा माणूस, ज्याला मी देव करून ठेवला, तो कानाला हेडफोन लावून आकड्यांचा काटा बघतो आहे, आवाज फार वर तर जात नाही ना. एखादा श्वास चांगला आला तर हा खूश होत असेल. 'हं' आलं तेव्हा याचा चेहरा कसा झाला असेल ते मला नेमकं माहीत होतं, कारण माझ्या एखाद्या पावलावर तो तसा खूश होताना मी संसारभर पाहिलं आहे. आणि लग्नाला मी याच खुशीसाठी हो म्हटलं होतं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी दिग्दर्शकाने त्याला मिठीच मारली. "तो 'हं'! अरे, काय केलंस ते! माणूस घाबरलेला असतानाच त्याला हसायला लावणं, हेच तर मला पाहिजे होतं. कुठून आणलास तो आवाज?"

"मिळाला," नवरा म्हणाला.

"कुणी बाई आहे का? पुढच्या भागासाठी तिला धरून ठेव. थोरली उठणार आहे पुढच्या भागात."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे बघत होते. "नाही," तो म्हणाला, "ती आता नाही काम करत."

त्या उत्तराने दिग्दर्शक हळहळला. मी कप टेबलावर ठेवला आणि गाडीकडे चालायला लागले. घरी जाताना मी एक शब्द बोलले नाही आणि त्यानेही विचारलं नाही की काय झालं, यावरूनच त्याला सगळं कळलंय हे मला कळलं. माणूस गाडी चालवताना खरं म्हणजे फार उघडा पडतो. गिअर बदलतानाचा हात, ब्रेकवरचा पाय. त्याचा पाय ब्रेकवर उगाचच जात होता, रस्ता मोकळा असताना.

हॉलमध्ये सोफा पुन्हा जागेवर आला होता, पण फरशीवर खाटेच्या पायांचे चार गोल डाग अजून होते आणि त्यातले दोन सोफ्याखालून बाहेर दिसत. मी तिथे बसून राहिले. तो आत कपडे बदलत असावा, कपाटाचं दार कुरकुरलं. मला माझ्या लहानपणीचा जिना आठवला. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि जिना लाकडी होता. वडील एका छापखान्यात होते. ते वाईट नव्हते, कधी हात उगारला नाही, पण दिवसभर यंत्रांच्या धडधडीत उभं राहून आलेल्या त्या माणसाला घरात कसलाही आवाज सोसत नसे. ते यायच्या आधीचा वेळ माझा आणि आईचा. तेव्हा रेडिओवर एक विनोदी श्रुतिका लागायची, आणि आई भाजी चिरता चिरता त्यातल्या सगळ्या पात्रांच्या नकला करायची. खाष्ट सासू, बहिरा सावकार, बोबडा शिपाई. आई काय नकला करायची! मी पोट धरून जमिनीवर लोळायची. आणि ती हसत असतानाही तिचा एक कान जिन्याकडे असायचा. पहिल्या पायरीवर बूट वाजला, ती टाच, तो ओढलेला दुसरा पाय, की आई लगेच हळू आवाजात म्हणायची, "आले. बंद कर." मी रेडिओचा कान पिळायची. आई तोंडावरून हात फिरवायची आणि तिचा चेहरा बदललेला असायचा, थकलेला, कामातला, घरातल्या बाईचा. वडील आत यायचे तेव्हा आम्ही दोघी गप्प असायचो. ते विचारायचे, काय केलंत दिवसभर, आणि आई म्हणायची, काही नाही.

माझा धंदा मी तिथे शिकले. पावलं ओळखायला मला कुणी शिकवलं नाही, ते आम्हा दोघींचं गुपित होतं. मोठी झाल्यावर मला वडिलांचं वाईटही वाटायचं, त्यांनी आईला हसताना जवळजवळ ऐकलंच नाही. पण ते वाटणं वरवरचं होतं. खरं सांगायचं तर मला त्याची ऐट होती. ते दाराबाहेरचे होते आणि मी दाराच्या आतली. आई माझी होती. म्हणूनच तिच्या शेवटच्या श्वासांचा कुणी तमाशा केला हे मला सहन होत नव्हतं. ते श्वास ओळखणारं जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्यावर हसणाऱ्यांत मीच पहिली होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या खोलीत गेले. तो एकटा होता, पडद्यावर काहीच चालू नव्हतं, नुसताच टेबलासमोर बसला होता. मी दार लावून घेतलं. त्या खोलीचं दार लावलं की बाहेरचं जग कापल्यासारखं तुटतं, स्वतःचं रक्त ऐकू येतं.

"केव्हा घेतलास?" मी विचारलं.

"मला वाटलं होतं तुला कळणार नाही. स्वर बराच खाली आणला होता मी," तो म्हणाला.

"मला कळणार नाही? मला?"

"हो. चूक झाली."

"कुठली चूक? खाली आणलास ती, की आणखी खाली आणला नाहीस ती?" माझा आवाज चढला. त्या भिंती आवाज परत देत नाहीत, त्यामुळे ओरडण्यातही दम राहत नाही. "माझी आई मरत होती रे. मी तुला तिच्याजवळ बसवून गेले होते. आणि तू तिचा माल करून घेतलास. जाणारा श्वास लोकांच्या हसण्यासाठी विकलास. आणि माझ्या तोंडावर सांगत राहिलास, झोपून असायच्या म्हणून!"

"विकला नाही."

"मग काय केलंस?"

"त्यांनी दिला," तो म्हणाला. "तुला सांगू नको म्हणाल्या होत्या."

मला वाटलं, आता मेलेल्या माणसाच्या नावावर खपवतोय. तसं मी म्हटलंही. त्याने मान खाली घातली, मग टेबलावरचा हेडफोन उचलून माझ्यापुढे धरला. "मी सांगून तुला पटणार नाही," म्हणाला. "ऐक. पण आधी सांगतो, ऐकू नकोस. खरंच नको ऐकूस."

मी हेडफोन लावला. आधी आमचा हॉल आला. मी तो ताबडतोब ओळखला, यंत्राची घरघर, मागे फ्रीज, भिंतीवरचं घड्याळ. मग श्वास, तोच, खरखर, शिट्टी, उतार. माझे डोळे भरून आले. आणि मग श्वास मध्येच तुटला आणि आई म्हणाली, "असं चालेल का रे? की अजून जरा भेसूर पाहिजे?"

तिचा आवाज! दम लागलेला, पण जागा, टवटवीत. आणि 'रे'. माझ्यासमोर ती त्याला तुम्ही म्हणायची, जावईबापू म्हणायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची. तो कुठेतरी लांबून म्हणाला, "भेसूर आहेच. पण आई, दमाल तुम्ही. थांबू या." "दमायला काय झालंय? ती किती वर्षांची आहे म्हणालास? शेकडो? मग मध्ये एकदा खोकेल ती. आणि हे बघ, तिला उठवू नका. झोपलेलीच राहू दे. झोपलेल्या म्हातारीची माणसाला जास्त भीती वाटते. मी सांगते ना, मी बघते रोज." आणि ती हसली. मग तिला खोकला आला, खरा, खूप वेळ, आणि पाण्याचा पेला वाजला, आणि खोकला थांबायच्या आत ती पुन्हा बोलायला लागली. "श्वास थांबला की ते दोघं थांबतात ना? मग तिथे एक 'हं' टाकते. ऐक हां. हं. कसं आहे?" त्याला हसू आवरेना. तीही हसत होती. "पण लोक हसतील ना रे? नुसती घाबरवू नका त्यांना. घाबरून काय मिळतं?"

हॉलमध्ये मी मोजे घालून फिरत होते, आणि दुपारी तिथे श्रुतिका चालायची. नकला चालायच्या. रोजच असणार, कारण कालपर्यंत काय ठरलं होतं ते तिला आठवत होतं, घाबरटाला तिने काहीतरी नाव ठेवलं होतं, तलवारवाल्याचं लग्न जमवून दिलं होतं. त्यात एक खरा श्वास आणि एक नाटकातला श्वास यायचा, आणि कुठला कुठला ते मला सांगता येईना. ज्या श्वासाचा नकाशा मला पाठ होता त्यातलं खरं कुठलं? झोपेतलं ते 'हं', जे मला वाटायचं स्वप्नातल्या कुणाला तरी दिलेलं आहे, ते ती झोपेतही घोकत होती का, दुपारसाठी? नवऱ्यावरचा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. तो राग सोपा होता. त्याने चोरी केली असती तर फार बरं झालं असतं. आईकडे एवढं हसू शिल्लक होतं, एवढा दम शिल्लक होता, आणि त्यातला एक घोटसुद्धा तिने संध्याकाळसाठी ठेवला नाही. मला तिने खिडकी लावायला सांगितली.

"का?" मी हेडफोन न काढताच विचारलं. "मला का सांगायचं नव्हतं?"

त्याने हात टेबलावरच्या बटणाकडे नेला. "बंद करतो," तो म्हणाला. मी त्याचा हात धरला.

आई बोबड्या शिपायाची नक्कल करत होती. माझ्या लहानपणचा शिपाई, जसाच्या तसा, फक्त वाक्यावाक्याला दम घेत. आणि तेवढ्यात मागे, लांबवर, बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली. मी सवयीने कान दिला. बाई असावी, पण जड. टाच आधी आणि जोरात, दुसरा पाय किंचित ओढलेला. पायरीवर राग काढत चढणारं, दिवसभर कुणाचं तरी ऐकून घेतलेलं माणूस, आणि आता ज्या घरात शिरतंय तिथे त्याला काही चुकीचं सापडणार आहे. असा पाय मी सिनेमात दार उघडण्याआधी वाजवते, आतल्या माणसांनी दचकावं म्हणून. छान होती पावलं. कुणाची असतील असा विचार माझ्या मनात आला. किल्ल्या खुळखुळल्या.

आईचं हसणं मध्येच थांबलं.

"आली," ती हळू आवाजात म्हणाली. "बंद कर."

आणि खटका वाजला. त्यापुढे काही नव्हतं. मी हेडफोन काढला नाही, त्यातली शांतता ऐकत बसून राहिले. समोर नवरा होता, माझ्याकडे न बघता, जमिनीकडे बघत. मला तिथून उठून निघून जायचं होतं. पण दारापर्यंत चालत जावं लागलं असतं, आणि तो ऐकत होता.